वायच दम खावा

मैदानावर आले की ते आधी चपला काढायचे. उजवी सहज, मग गुडघा दोन्ही हातांनी धरून डावी. काजूच्या झाडाखाली जांभ्या दगडाचा एक चिरा पडलेला होता, त्यावर खांद्यावरचा पंचा अंथरायचे, हळूच टेकायचे आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या पोरांना म्हणायचे, "वायच बसा रे. दम खावा."

पोरं तोवर धावलेलीच नसायची.

तुम्ही फुटबॉलचे प्रशिक्षक पाहिले असतील. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि तोंडात सारखं 'पळ, पळ'. आमच्या सरांच्या गळ्यातही शिट्टी होती, पण ती ते बहुधा कुत्र्यांना हाकलायला वाजवायचे. आमच्या कॉलेजचं मैदान म्हणजे माळावरची एक सपाटी. तिच्यावर पहिला हक्क गुरांचा, दुसरा कुत्र्यांचा आणि उरलेल्या वेळात आमचा. वायच, म्हणजे जरा वेळ, बसून झालं, श्वास जागेवर आला, की सर म्हणायचे, "उठा बगया." ते म्हणेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा एकच कडक नियम होता.

मी भूगोल शिकवायची. जिमखान्याचं काम माझ्या गळ्यात पडलं ते 'मॅडम, फक्त यंदाच्या वर्षापुरतं' असं म्हणून, आणि निवृत्त होईपर्यंत काही ते सुटलं नाही. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळायचं, की आपला फुटबॉलचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरतो आणि परतताना बसमध्ये पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. मग एका वर्षी संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, "हे शेवटचं. यंदाही ढाल न आणता परतलात तर फुटबॉल बंद. मैदानाचा दुसरा काही उपयोग करू." दुसरा उपयोग म्हणजे इमारत, हे न कळण्याइतकी मी नवी नव्हते.

आधीचा प्रशिक्षक वैतागून निघून गेला होता. कोणीतरी या सरांचं नाव सुचवलं. कॉलेजपासून जवळच तारकर्लीच्या रस्त्यावर वाडी, मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून खेळलेले, गुडघा गेल्यावर गावी परतलेले. माडांना पाणी घालायचे आणि संध्याकाळी किनाऱ्याच्या पुळणीवर पोरं खेळत ते बघत बसायचे. मी भेटायला गेले तेव्हाही बसलेलेच होते.

"मॅडम, बसा."

मी म्हटलं, बसायला वेळ नाही, मला घरी जायला कुडाळची गाडी पकडायची आहे.

"गाडी जातली. दुसरी येतली. बसा."

मी बसले आणि गाडी गेली. दुसरी यायला इतका वेळ लागला की त्यांच्याविषयी माझं मत त्या दिवशी काही फार चांगलं झालं नाही.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. म्हटलं, बघू तरी काय शिकवतात. त्यांनी सगळ्यांना काजूखाली बसवलं आणि एकेकाला विचारू लागले, "तू कधी उठलंस? काय खाल्लंस?" निम्मी पोरं किनाऱ्यावरची. बापाबरोबर होडीवर जाऊन, मासळी उतरवून तशीच आलेली. निम्मी आतल्या गावांतली. गोठा आवरून, पहिली एसटी धरून आलेली. पोटात कोणाच्याच काही नव्हतं. एकानं 'चाय' म्हणून सांगितलं, त्यावर सर म्हणाले, "चाय म्हणजे खाणा न्हय."

मग म्हणाले, "आडवे पडा."

पोरं हसली.

"हसतास कित्याक? आडवे पडा."

थोड्या वेळात सगळा संघ काजूखाली ढाराढूर झोपला होता, आणि सर पंच्यानं माशा वारत राखण करत बसले होते. नेमके तेव्हाच प्राचार्य फेरी मारायला आले. "मॅडम, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "सराव, सर." दुसरं काही सुचलंच नाही मला.

प्राचार्य घाटावरचे, नुकतेच रुजू झालेले. माणूस सज्जन, पण सदा घाईत. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. त्या खोलीत शिरताना सर आपली मालवणी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचे आणि आत जाऊन छापील मराठी बोलायचे. त्यात त्यांचं निम्मं म्हणणं मरून जायचं.

"तुमच्या प्रशिक्षणाचं मुख्य सूत्र काय?"

"विश्रांती, सर."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"बरं. आणखी काही लागणार आहे?"

"संघासाठी पेज हवी होती, सर. रोजच्या रोज."

प्राचार्य एकदम खूश झाले. "पेज? अवश्य. आजच्या काळात हवंच. मीच सुचवणार होतो."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, माणूस बरो आसा." आणि दुसऱ्या दिवसापासून वाट बघायला लागले. पेज काही येईना. मग एका सकाळी कॉम्प्युटर विभागातला एक तरुण शिक्षक मोबाइल घेऊन आला. म्हणाला, सगळे नीट उभे राहा, फोटो काढायचाय, प्राचार्यांनी संघाचं पेज उघडायला सांगितलंय, रोज काहीतरी टाकायचंय त्याच्यावर. सरांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाबा रे," म्हणाले, "मी तांदळाची म्हणत होतंय."

ते पेज अजून आहे. त्यावर तेवढा एकच फोटो. अर्ध्या पोरांचे डोळे मिटलेले, आणि कडेला सर, आपली डावी चप्पल शोधताना. पेजेची सोय पुढे मी कँटीनमध्ये करून दिली. उकड्या तांदळाची गरम पेज, लोणच्याची फोड, कधी भाजलेला सुका बांगडा. आधी पेज, मग बॉल, असा क्रम ठरला. मीही हळूहळू एक वाटी घ्यायला लागले.

आपल्या भाषेत दम फार. दम लागतो, दम निघत नाही, दम धरावा लागतो, वरचे खालच्यांना दम देतात. नोकरीत मी हे सगळे प्रकार पाहिले होते. दम खायला सांगणारा वरचा माणूस पहिल्यांदाच बघत होते. घर, कॉलेज, घर अशी वर्षानुवर्षं ये-जा करून मीही शिणले होते हो. पण मला कोण सांगणार, बाई, बस जरा?

त्यांचं म्हणणं साधं होतं. आमची पोरं पहिल्या मिनिटापासून सगळीच्या सगळी बॉलच्या मागे धावायची आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे पाय संपायचे. सगळे गोल आमच्यावर तेव्हा व्हायचे. म्हणून सरांनी ठरवलं, खेळताना ज्याला दम लागेल त्यानं मोठ्यानं 'दमलंय' म्हणायचं. शेजारच्यानं तेवढ्यापुरती त्याची जागा राखायची. त्यानं उभ्या जागी श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पोरं मरतील, 'दमलंय' म्हणणार नाहीत. होडीवर हा शब्द कोणी उच्चारत नाही, शेतात उच्चारत नाही, गणपतीला आलेला चाकरमानीसुद्धा नाचून नाचून पडेल पण उच्चारणार नाही. तेव्हा सरांनी त्या शब्दाचाच सराव घेतला. सगळ्यांना रांगेत उभं करून, "म्हणा, दमलंय." पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. "मोठ्यान म्हणा रे. लाज कसली? चोरी केलास काय?" माझा तास चालू असताना एकदा मैदानावरून सगळ्यांनी मिळून घातलेली 'दमलंय' अशी आरोळी वर्गात आली आणि मागच्या बाकावरून उत्तर गेलं, "आमी पण." मी वाऱ्यांचे पट्टे शिकवत होते. मलाही हसू आवरलं नाही.

हळूहळू सगळे म्हणायला शिकले. एक सोडून. गुंडू, आमचा कप्तान. मच्छीमाराचा मुलगा, अंगानं भक्कम, खेळात सगळ्यांत सरस. तो म्हणायचा, "माका दम लागणाच नाय."

"लागतलो," सर म्हणायचे. "लागलो काय माका सांग."

एकदा कँटीनमध्ये पेज पिता पिता मी त्यांना गुडघ्याचं विचारलं. इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग म्हणाले, मुंबईत एका मोठ्या सामन्यात गुडघा मुरगळला. खाली पडलो. बरं वाटत होतं खाली. प्रशिक्षक बाहेरून ओरडले, नाटकं करू नको, उठ. "आणि मी उठलंय, मॅडम. तसोच खेळलंय. आमी जिकलंव पण." त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. सांगताना आवाजात राग असा नव्हता. वाटी पुसून ठेवली आणि म्हणाले, "संघ ऱ्हवाक व्हयो. पण कोणाचो पाय घालवन नको."

मला तेव्हाच धास्ती वाटली. दोन्ही गोष्टी एकदम मिळतील असं काही मला दिसत नव्हतं.

त्या वर्षी आम्ही पहिली फेरी जिंकलो. मग दुसरीही. पोरं तीच, बूट तेच. फरक एवढाच की शेवटी समोरचा संघ कमरेवर हात ठेवून उभा असायचा आणि आमची पोरं चालू असायची. सरांची सगळी युक्ती तेवढीच होती, फार काही मोठं डोकं नव्हतं त्यात. खेळाचे बदललेले नियम त्यांना माहीत नसायचे. पोरांची नावं ते सर्रास चुकवायचे. एका सामन्यात तर बाकावर चक्क डुलकी काढली, मी बाटलीतलं पाणी शिंपडून जागं केलं. रत्नागिरीला जाताना प्रत्येक वेळी तळेऱ्याला बस थांबवायची, "वायच उतरा," म्हणायचं आणि सगळ्यांना उसळ-पाव खायला घालायचा. ड्रायव्हर घड्याळ दाखवायचा. सर त्यालाच आग्रह करून खाली बसवायचे. या पायी एकदा आमचा सामना हुकता हुकता राहिला, तेव्हा मी त्यांना चांगलंच झापलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी तळेऱ्याला पुन्हा, "वायच उतरा."

अंतिम सामन्याला सेक्रेटरी स्वतः गाडी करून आले आणि माझ्या शेजारी बसले. दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा बरोबरी होती. गुंडू एकटा तिघांना पुरा पडत होता. मग कोणाच्या तरी पायात पाय अडकून पडला. उठला, पण डावा पाय टेकताना तोंड वाकडं झालं.

सर उभे राहिले. सामना चालू असताना त्यांना उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काय झाला रे?"

"काय नाय. बरो आसंय."

"दमलंस?"

"नाय."

सरांनी रेफरीला खूण केली आणि गुंडूला बाहेर बोलावलं. तो येईना. सर लंगडत आत गेले, त्याला दंडाला धरून आणलं आणि बाकावर बसवलं. "बस. दम खा." गुंडूचा चेहरा मला अजून दिसतो. मारलं असतं त्यानं सरांना, एवढा भडकला होता.

सेक्रेटरी तरातरा बाकापाशी गेले. मी मागोमाग. "अहो, कप्तानाला काय काढताय? स्प्रे मारा आणि पाठवा आत."

"साहेब, त्याच्या गुडघ्याला इजा..."

"गुडघ्याचं मागाहून बघू. तुम्हाला सांगितलंय ना, आज हरलात तर काय होणार ते? उठवा त्याला."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग छापील मराठी सोडून दिली.

"सायबानू, माज्या येळार माका कोणी बस म्हणूक नाय. ह्येका मी म्हणतंय. तुमी फुटबॉल बंद करा. मैदान घेवा. पण पोरगो उठाचो नाय."

ते एवढं मोठ्यानं बोलले की पलीकडचे प्रेक्षकही बघायला लागले. सेक्रेटरी जागेवर जाऊन बसले. मला वाटलं, संपलं. सगळंच संपलं. सरांनी पंचा काढून गुंडूच्या डोक्यावरून टाकला, कारण गुंडू रडत होता आणि ते कोणी बघावं असं त्यांना वाटत नव्हतं.

उरलेला सामना मी धड पाहिला नाही, मान वर करायची हिंमत होत नव्हती. कानावर येत होतं ते फक्त 'दमलंय'. डावीकडून एक, लांबून एक, मग गोलाजवळून एक. आमची पोरं एकमेकांच्या जागा राखत तग धरून होती. अगदी शेवटी मान वर केली, तेव्हा आतल्या गावातल्या एका मुलाकडे बॉल आला होता. समोरचे दोघं त्याच्याकडे बघत राहिले, त्यांच्या पायांत धावायचं त्राण नव्हतं. त्यानं तो बॉल ढकलला आणि तो गडगडत आत गेला. शोभेचा वगैरे गोल नव्हता तो. पण आम्ही विभागाचे विजेते झालो. ढालीबरोबर पहिला फोटो सेक्रेटरींचा निघाला आणि मैदानावर इमारत बांधायचं पुन्हा कोणी बोललं नाही. पुढच्या वर्षीही ढाल आम्हीच आणली.

परतताना तळेऱ्याला सर म्हणाले, "वायच उतरा." गुंडू उतरला नाही. सर उसळीची बशी घेऊन बसमध्ये चढले, त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि उतरले. बशी तशीच राहिली. अजून थोडा खेळला असता तर पाय कायमचा गेला असता, असं पुढे डॉक्टर म्हणाले. गुंडूनं ते ऐकून घेतलं, पण सरांशी तो बरेच दिवस मोकळेपणानं बोलला नाही. अंतिम सामना पूर्ण खेळायला मिळाला नाही हे त्याच्या मनातून जाईना. आता तो तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जातो. दोन्ही पाय शाबूत आहेत त्याचे.

सरांचा स्वतःचा श्वास कधीपासून कमी पडायला लागला, ते नक्की सांगता येणार नाही. त्यांचं बसणं इतकं सवयीचं झालं होतं की कोणाच्या लक्षातच आलं नाही. फाटकापासून काजूपर्यंत येताना मध्येच थांबायला लागले. पोरं बरोबर असली की तीही थांबायची, उगाच बुटाच्या नाड्या बांधत बसायची. मी विचारलं, "सर, दमलात?"

"मी खंय धावतंय दमाक?"

सगळ्या पोरांना जो शब्द बोलायला शिकवला, तो त्यांच्या स्वतःच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांनी मैदानावर येणं बंद केलं. भेटायला गेले तर पडवीत खुर्चीवर बसलेले, बाजूला ऑक्सिजनची नळकांडी. "मॅडम, बसा." या वेळी मला कुठली गाडी पकडायची नव्हती. बराच वेळ आम्ही माडांकडे बघत बसलो. मग एकेक शब्द तोडत, चोरी पकडली गेल्यासारखे हळूच म्हणाले, "मॅडम, दमलंय."

मी म्हटलं, "मोठ्यान म्हणा. लाज कसली?"

ते हसले, आणि मग त्यांना खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या वेळी त्यांना हसवायला नको होतं असं काही मला वाटलं नाही. पण घरी येऊन मी रडले.

त्यानंतर लवकरच ते गेले. त्यांच्या वाडीतून स्मशानात जायला मैदानावरून जावं लागत नाही. पोरांनी वाट वाकडी केली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून मी मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबले होते. वाटेत तिरडी एकदा खाली ठेवायची, पुढच्यांनी मागे आणि मागच्यांनी पुढे व्हायचं आणि पुन्हा उचलायची, ही आपली रीत. त्याला विसावा म्हणतात. पोरांनी विसावा काजूखाली घेतला, त्या चिऱ्याच्या बाजूला. मीही मागोमाग तिथवर गेले.

पोरं म्हणजे आता बाप्ये झालेले. कोणी बँकेत, कोणी होडीवर, कोणी मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेला. खांदे बदलून झाले. भटजी म्हणाले, "चला, उचला." गुंडू उचलायला वाकला नाही. तो घामानं निथळत होता, डोळे लाल झाले होते.

"सर," तो म्हणाला, "वायच दम खावा." आणि तिरडीशेजारी जमिनीवर बसला. मग सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "दमलंय."

आयुष्यात पहिल्यांदा. दुसरा बसला, तिसरा बसला, सगळा संघ बसला. वाडीतल्या म्हाताऱ्यांना काही कळेना, पण तेही टेकले. भटजींनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा पोरांकडे, आणि काजूच्या मुळावर बसले. दूर गुरं चरत होती. वेळ जात होता आणि कोणी उठत नव्हतं, कारण ते म्हणेपर्यंत उठायचं नाही हा नियम होता, आणि म्हणणारा खाली निजला होता.

शेवटी गुंडूनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी सांगा."

मी चिऱ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "उठा बगया."

ते उठले, सरांना खांद्यावर घेतलं आणि माळाच्या कडेनं खाली उतरून गेले. माझी वाट तिथपर्यंतच होती. मी चपला काढल्या आणि चिऱ्यावर बसले. थोड्या वेळानं रस्त्यावरून कुडाळची गाडी गेली. मी तिला हात केला नाही.